कॅमेरा घेऊन बेळगाव सीमाभागात: कामातली माणसं टिपायला चार दिवस

बेत चार दिवसांचा, जानेवारीतला, मुक्काम चारही रात्री बेळगावात. पहिला दिवस शहरातली बाजारपेठ आणि शहापूर-वडगावचे माग, दुसरा खानापूर, तिसरा निपाणी, चौथा सौंदत्तीचा यल्लम्माचा डोंगर. अथणीचे चप्पल कारागीर बघायची हौस अनेकांना असते. २०१९ साली कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं, त्यात बेळगाव जिल्हाही आहे. पण बसने गेलात तर जाण्यायेण्यातच दिवसाचा मोठा भाग सरतो, म्हणून अथणी या बेतात नको, तिथे वेगळा मुक्कामच करावा. चारात पाचवं ठिकाण कोंबलं की एकाही ठिकाणी बसायला वेळ उरत नाही, आणि या कामात बसणंच महत्त्वाचं.

रस्त्याच्या पलीकडून मोठी लेन्स लावून चोरून काढलेला चेहरा या भागात चालत नाही. ७०-२०० मिलिमीटरची लेन्स घरी ठेवा. एक तर बाजारात दोन मीटरच्या पुढे मोकळी जागाच मिळत नाही. दुसरं म्हणजे लांबून रोखलेली लेन्स बघून लोकांना वाटतं, हा पेपरवाला तरी असावा किंवा सरकारी तरी. सीमाभागात हा संशय लवकर येतो. फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर ३५ आणि ८५ मिलिमीटरच्या लेन्स, किंवा एपीएस-सी (लहान सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर २३ आणि ५६, एवढं पुरतं. एकच न्यायची असेल तर ३५ न्या.

सहज फोटो मिळतो तो परवानगीनंतर. कॅमेरा पिशवीतून अचानक काढू नका, आधीपासून गळ्यात दिसू द्या. काहीतरी विकत घ्या, दोन शब्द बोला, मग विचारा. बेळगावात 'फोटो काढू काय मामा?', 'मावशी, काढू काय?' एवढं पुरे. कानडी माणसाला 'अज्जा', 'अक्का', 'अण्णा' अशी हाक मारा. 'री' जोडलं की आदर पोचतो. 'ब्याड' ऐकू आलं की नको म्हणतायत, तिथे पुन्हा विचारायचं नाही. होकार मिळाला की पहिले दोन-तीन फोटो ताठच येतात: हात मांडीला चिकटलेले, हसू गायब. तेही मनापासून काढा, दाखवा. मग कॅमेरा खाली घेऊन दहा-पंधरा मिनिटं तिथेच बसा. गिऱ्हाईक येतं, हात कामाला लागतात, तुमचा विसर पडतो. तिथून पुढे खरं काम सुरू. कुणी 'काय करूलासा?' म्हणून पुढे आलं तर पडदा दाखवून सरळ सांगा. लपवलंत की गर्दी वाढते.

कॅमेऱ्याची मांडणी आदल्या रात्री करून ठेवा: शटर १/२५०, छिद्र एफ/४, आयएसओ ऑटो आणि त्याची कमाल मर्यादा ६४००, सतत फोकस, डोळा ओळखणं चालू, रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली) फाइल. छिद्र आणखी मोठं, एफ/१.८, करायचा मोह होतो. ८५ ची लेन्स दीड मीटरवरून एफ/१.८ ला वापरली तर जेमतेम साडेतीन सेंटिमीटर खोली स्पष्ट येते. माणसाने मान जराशी वळवली की डोळा सुटतो आणि मिशी धारदार येते. एफ/४ ला तीच खोली सात सेंटिमीटरच्या पुढे जाते.

बेळगाव. सकाळी आठ ते साडेनऊ गणपत गल्ली आणि खडे बाजार. अडचण ताडपत्रीची. निळ्या ताडपत्रीखाली बसलेल्या भाजीवालीच्या कपाळावर निळी झाक येते आणि रस्त्याच्या बाजूचा गाल मात्र उन्हाच्या रंगाचा राहतो. दोन रंगांचे दोन उजेड एकाच चेहऱ्यावर असले की व्हाइट बॅलन्स (रंगछटेचं संतुलन) कुठलाही लावा, एक बाजू चुकतेच. उपाय कॅमेऱ्यात नाही, पायात आहे: ताडपत्रीच्या कडेला, रस्त्यालगत बसलेली विक्रेती निवडा. तिच्या तोंडावर समोरच्या इमारतीवरून परतलेला मऊ उजेड येतो.

पांढरी टोपी हे दुसरं दुखणं. रापलेला चेहरा आणि वर उन्हातली पांढरीशुभ्र टोपी असली की कॅमेरा चेहरा उजळवायच्या नादात टोपी जाळतो, आणि जळालेल्या भागात नंतर काही परत येत नाही. दोन तृतीयांश स्टॉप कमी करा (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा), चेहरा घरी रॉमधून वर उचला. साडेदहानंतर टोपीची सावली डोळ्यांवर पडते, तेव्हा सावलीतल्या कट्ट्यावर बसलेली माणसं शोधा किंवा सरळ मागांकडे निघा.

शहापूर-वडगावात हातमाग कमी उरले, यंत्रमागांचाच खडखडाट जास्त. शेडमध्ये बोललेलं ऐकू येत नाही. आधी मालकाला विचारा, मग कामगाराला कॅमेरा दाखवून खुणेने; मालकाचा होकार हा कामगाराचा होकार नव्हे. आतल्या ट्यूबलाइट सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात. शटर १/२५० ठेवलंत तर एक फोटो उजळ, पुढचा काळपट, आणि आवाज नको म्हणून इलेक्ट्रॉनिक शटर लावलंत तर चेहऱ्यावर आडवे पट्टे. इथे यांत्रिक शटर आणि १/१०० हेच खरं. एवढ्या गोंगाटात शटरचा आवाज तसाही कुणाला ऐकू येणार? छिद्र एफ/२ पर्यंत उघडा. विणकर तुटलेला धागा जोडायला वाकतो, धागा डोळ्यांसमोर धरतो आणि दोन-तीन सेकंद स्थिर राहतो. तो क्षण दर थोड्या वेळाने परत येतो, त्यामुळे पहिला हुकला तरी हरकत नाही. मागापासून हातभर लांब राहा, सैल ओढणी-पट्टा आत घ्या. कापसाचा भुगा पुढच्या काचेवर बसतो. तो रबरी फुंकणीने (ब्लोअरने) उडवा, शर्टाने पुसू नका.

खानापूर. सुमारे पंचवीस किलोमीटर, बस आणि रेल्वे दोन्ही. रेल्वेचं तिकीट काढताना लक्षात ठेवा, १ नोव्हेंबर २०१४ पासून शहराचं अधिकृत नाव 'बेळगावी' आहे, तेच शोधा. इथली माती कुंभारकामाला नावाजलेली. चाकावरच्या माणसाला १/६० ने टिपा: चाक फिरल्यासारखं दिसतं, चेहरा ठाम राहतो, कारण भांडं वर ओढताना कुंभार श्वास धरून डोकं हलवत नाही. उजेड दाराकडून घ्या. मलप्रभेच्या घाटावर धुणं-अंघोळ चालू असते, तिकडे कॅमेरा खालीच राहू द्या. यावर चर्चा नको.

निपाणी. बेळगावहून पाऊणशे किलोमीटर, कोल्हापूरहून जवळ. तंबाखूच्या वखारीत परवानगीशिवाय पाऊल टाकू नका. मजुरी, बालकामगार, तपासणी, अशा कारणांनी तिथे कॅमेऱ्याचं स्वागत होत नाही. आत गेलातच तर तंबाखूची बारीक धूळ घशात आणि लेन्सच्या बैठकीत जाते, लेन्स बदलू नका.

त्यापेक्षा बिड्या वळणाऱ्या बायका दारात बसतात ते बघा. उजेडासाठीच दारात बसलेल्या असतात, त्यामुळे प्रकाशयोजना त्यांनीच करून ठेवलेली असते. मांडीवर सूप, सुपात कापलेली तेंदूची पानं आणि जर्दा. पान तळहातावर, जर्द्याची चिमूट, अंगठ्याने गुंडाळणं, टोक नखाने आत दाबणं, दोऱ्याचे वेढे. हे सगळं खाली बघून चालतं, म्हणून उभं राहून काढलेल्या फोटोत फक्त भांग आणि पदर येतो. जमिनीवर बसा, कॅमेरा तिच्या हनुवटीच्या उंचीला आणा, ३५ ने एक मीटरवरून काढा. बिडी सुपात टाकताना किंवा शेजारणीला उत्तर देताना नजर वर येते, बोट शटरवर तयार ठेवा. मजुरी हजार बिड्यांवर मोजली जाते. तुम्ही अर्धा तास बोलत बसलात तर तिच्या बिड्या कमी होतात. गप्पा तिने काढल्या तरच. लाल-हिरव्या इरकलीवर लाल रंग चटकन फुटतो, म्हणजे त्यातला तपशील जातो; साधा आलेख (हिस्टोग्राम) ठीक दिसला तरी तिन्ही रंगांचा वेगळा आलेख बघा.

सौंदत्ती. मंगळवार, शुक्रवार आणि पौर्णिमेला गर्दी. मार्गशीर्ष आणि माघ पौर्णिमेला तर अफाट, तेव्हा पहिल्याच खेपेला जाऊ नका. जून २०२३ पासून कर्नाटकातल्या बायकांना सरकारी बस मोफत आहे, त्यामुळे यात्रेच्या वारी बसायला जागा हवी तर सुटायच्या ठिकाणीच चढा. महाराष्ट्राच्या ओळखपत्रावर तिकीट पडतं.

डोंगरावर भंडारा उधळला जातो. कॅमेरा पारदर्शक पिशवीत घालून रबराने बांधा, लेन्सचं तोंड तेवढं बाहेर, त्यावर साधा फिल्टर. बॅटरीचं आणि कार्डचं झाकणही डोंगरावर उघडू नका. हळद चढली तर आधी फुंकणी, मग कोरडा मऊ ब्रश. ओला कपडा लावलात तर रबराच्या पकडीवर पिवळा डाग कायमचा. भंडाऱ्याने माखलेल्या चेहऱ्यावर ऑटो व्हाइट बॅलन्स पिवळं 'दुरुस्त' करायला बघतो आणि माणसं आजारी दिसतात. ५२०० केल्व्हिनवर पक्का करून टाका.

गाभाऱ्याकडे कॅमेरा बंद. बांगड्या फोडण्यासारखे विधी चालू असतील तिथून बाजूला व्हा. गळ्यात दर्शन (यल्लम्माची मण्यांची माळ), कपाळी हळद दिसली म्हणून फोटोखाली 'देवदासी' लिहायचं नाही. त्या प्रथेवर कर्नाटकात १९८२ च्या कायद्याने बंदी आहे, आणि तुमच्या एका ओळीने त्या बाईचं गावात जगणं अवघड होऊ शकतं. चौंडकं-तुणतुणं वाजवणारे मात्र बहुधा खुशीने बसतात. त्यांना बिदागी द्या, ती वाजवण्याची, फोटोची नव्हे. आधी पूर्ण गाणं ऐका. चांगले चेहरे डोंगरमाथ्यापेक्षा खाली सापडतात, जिथे बैलगाड्या-टेम्पो सोडून चुली मांडतात. सकाळी सात-साडेसातला तिरपं ऊन चुलीच्या धुरातून येतं. धुराकडे तोंड करून उभे राहा, ऊन समोर ठेवा आणि चेहऱ्यासाठी एक स्टॉप वाढवा.

बाकी खबरदारी थोडक्यात. बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र आणि कॅन्टोन्मेंट आहे, सांबऱ्याला हवाई दल. त्या फाटकांकडे कॅमेरा नको, ड्रोन तर घरीच. १ नोव्हेंबरच्या आसपास एकीकडे कर्नाटक राज्योत्सव, दुसरीकडे मराठी भाषकांचा काळा दिन, त्या दिवसांत अनोळखी कॅमेऱ्याला दोन्हीकडून प्रश्न येतात. विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन बेळगावात असेल तेव्हा लॉज भरलेले असतात, तारखा बघून खोली घ्या. मुलांचे फोटो आई-बाप शेजारी असतील तरच.

क्रम असा लावा की बेळगाव पहिल्या दिवशी होईल आणि शेवटच्या, म्हणजे चौथ्या रात्रीनंतरच्या सकाळी दोन तास तिथेच उरतील. रोज रात्री प्रत्येकाचा एक फोटो निवडून स्टुडिओत चार बाय सहाचे प्रिंट टाका. बाजारातले प्रिंट शेवटच्या सकाळी हातात द्या. निवडताना त्यांचा ताठ उभा फोटो निवडा, तुम्हाला आवडलेला नव्हे. भिंतीवर तोच लागतो. खानापूर-निपाणीचे फोटो व्हॉट्सॲपवर पाठवायचे असतील तर नंबर वहीत लिहून घ्या आणि त्यासमोर फोटोचा क्रमांक टाका. नुसतं 'बिडीवाल्या मावशी' लिहिलंत तर घरी गेल्यावर तशा सहा निघतात.