ऱ्होड्सची तीस वर्षं आणि क्लोजच्या बावीस कसोट्या

कसोटी क्रिकेटमधल्या सगळ्यात लांब कारकिर्दीच्या याद्यांमध्ये घोळ मोजणीतच असतो. पहिल्या कसोटीच्या पहिल्या दिवसापासून शेवटच्या कसोटीच्या शेवटच्या दिवसापर्यंतचा काळ धरतात; मधे माणूस कुठे होता, हे कुणी विचारत नाही. इंग्लंडचा विल्फ्रेड ऱ्होड्स ३० वर्षं ३१५ दिवसांसह पहिला, इंग्लंडचाच ब्रायन क्लोज २६ वर्षं ३५६ दिवसांसह दुसरा. क्लोज १८व्या वर्षी संघात आला आणि १९७६ मध्ये, ४५व्या वर्षी, वेस्ट इंडीजच्या तोफखान्यासमोर उभा राहिला. छातीचा कोट करणारा गडी, यात वाद नाही. पण कसोट्या एकूण २२! सचिनने २४ वर्षांत २०० खेळल्या. म्हणून वर्षांशेजारी सामन्यांचा आकडा हवाच, आणि महायुद्धांची वर्षं वेगळी काढायला हवीत.

ऱ्होड्सचा आकडा मात्र पोकळ नाही: ५८ कसोट्या, प्रथम श्रेणीत १,११० सामने आणि ४,२०४ बळी. त्याने आपलं काम दोनदा बदललं. आला तो डावखुरा फिरकी गोलंदाज म्हणून, फलंदाजीत तळाला. मग फलंदाजी इतकी सुधारली, की १९११-१२ मध्ये मेलबर्नला इंग्लंडचा सलामीवीर जॅक हॉब्जबरोबर ३२३ धावांची सलामी दिली. पहिल्या महायुद्धानंतर यॉर्कशायरकडे, म्हणजे त्याच्या कौंटी संघाकडे, गोलंदाज उरले नव्हते, तेव्हा पुन्हा चेंडू हातात घेतला. १९२६ मध्ये ओव्हलला ४८व्या वर्षी बोलावणं आलं आणि दुसऱ्या डावात ४४ धावांत ४ बळी घेतले.

फिरकीत वय खपून जातं. वेगवान गोलंदाजाचं गणित कठीण. पुढचा पाय आपटतो तेव्हा शरीराच्या वजनाच्या कितीतरी पट भार येतो. त्यात कंबर फलंदाजाला आडवी (साइड-ऑन) आणि खांदे त्याच्या समोर अशी मिश्र शैली असेल, तर खांदे उलट पिळले जातात आणि कमरेच्या मणक्यात, बहुधा चेंडू टाकणाऱ्या हाताच्या विरुद्ध बाजूला, स्ट्रेस फ्रॅक्चर, म्हणजे सततच्या ताणाने हाडाला चीर, होतं. शैली सुधारायला गेलं तरी धोका टळत नाही. इंग्लंडच्या जेम्स अँडरसनची शैली प्रशिक्षकांनी बदलली, २००६ मध्ये त्याची पाठ गेली, आणि पुढे तो जुन्या शैलीवर परतला. मग वॉबल सीम शिकला: बोटं सीमच्या, म्हणजे चेंडूच्या शिवणीच्या, दोन्ही बाजूंना जरा फाकवायची आणि मनगट सैल सोडायचं, म्हणजे सीम डुगडुगत जाते आणि टप्प्यावर चेंडू कुठे वळेल ते सांगता येत नाही. हवेत स्विंग नसला तरी धंदा चालू. ४१व्या वर्षी थांबला तेव्हा १८८ कसोट्या, ७०४ बळी.

दीर्घायुष्याचा हिशेब वेगळा ठेवावा. शंभरी गाठणारा पहिला पुरुष कसोटीपटू, दक्षिण आफ्रिकेचा नॉर्मन गॉर्डन, १०३ वर्षं जगला. कारकीर्द मात्र एकाच मालिकेतल्या पाच कसोट्यांची. त्यातली शेवटची १९३९ची डर्बनची बेमुदत कसोटी. तिथे त्याने ९२.२ षटकं टाकली, तीही आठ चेंडूंची. म्हणजे ७३८ चेंडू, आजच्या हिशेबाने बरोबर १२३ षटकं! इंग्लंडच्या महिला संघाच्या आयलीन अ‍ॅश तर ११० वर्षं जगल्या.

कसोटीच्या यादीत एक माणूस सापडतच नाही: पुण्यात संस्कृत शिकवणारे प्रा. दि. ब. देवधर. भारताची पहिली कसोटी झाली तेव्हा ते चाळिशीत होते. निवड कधीच झाली नाही. त्यानंतर १९३९-४० आणि १९४०-४१ अशी लागोपाठ दोन वर्षं महाराष्ट्राने त्यांच्या नेतृत्वाखाली रणजी करंडक जिंकला. पन्नाशीच्या उंबरठ्यावर मुंबईविरुद्ध २४६ धावा, आणि ५२व्या वर्षी एकाच सामन्यात दोन शतकं. १९९३ मध्ये गेले, १०१ वर्षांचे होऊन. माझ्या यादीत ते क्लोजच्या बरेच वर आहेत.

आता ऱ्होड्सची शेवटची कसोटी. किंग्स्टन, एप्रिल १९३०. वय ५२, तरी सामन्यात ४४.५ षटकांत फक्त ३९ धावा दिल्या, बळी एकच. याच सामन्यात समोरून वेस्ट इंडीजच्या २० वर्षांच्या जॉर्ज हेडलीने २२३ काढल्या. हेडलीची ही पहिलीच मालिका होती. त्याची शेवटची कसोटीही किंग्स्टनलाच झाली, १९५४ मध्ये. मधे २४ वर्षं गेली. एकूण कसोट्या, क्लोजइतक्याच, २२.