बायपासआधी आकडे मागितले तेव्हा

बाबांच्या अँजिओग्राफीत तीन ब्लॉकेज निघाले आणि बायपास ठरली. एस्टिमेट, विमा, रक्ताची सोय हे नागपुरातल्या धंतोली-रामदासपेठेच्या फेऱ्यांत उरकलं, त्यात सांगण्यासारखं काही नाही. मला फक्त एवढंच हवं होतं: गेल्या वर्षी इथे बायपास किती झाल्या, महिनाभरात किती पेशंट दगावले आणि छातीच्या जखमेत इन्फेक्शन किती जणांना झालं. बाबांची शुगर जुनी आहे आणि शुगरवाल्यांची ती जखम चिघळायचा धोका जास्त असतो.

एका मोठ्या हॉस्पिटलात हे विचारलं. रिसेप्शनवरच्या मुलीला वाटलं, तक्रार आहे. तिने मार्केटिंगकडे धाडलं. तिथे गुळगुळीत पत्रक मिळालं: मशिनींचे फोटो आणि 'उत्कृष्ट सक्सेस रेट'. मी म्हटलं, सक्सेस म्हणजे काय धरता? ऑपरेशन थिएटरमधून जिवंत बाहेर येणं, की धडधाकट घरी जाणं? "भाऊ, ते डॉक्टरसाहेबच सांगतील." साहेबांच्या असिस्टंटने क्वालिटी विभाग दाखवला. तिथल्या मॅडम जेवायला गेलेल्या. आल्या तेव्हा म्हणाल्या, "तो डेटा एनएबीएचसाठी असतो, पेशंटसाठी नाही."

म्हणजे आकडे होते! एनएबीएच म्हणजे हॉस्पिटलांना मानांकन देणारी संस्था; ते मानांकन हवं तर ऑपरेशननंतरच्या इन्फेक्शनची नोंद ठेवावीच लागते. मग वेबसाइटवर टाकायला काय होतं? मॅडमनी अर्ज लिहून घेतला, शिक्का मारून पोच दिली. उत्तर अजून यायचंय. बाहेर भिंतीवर दरपत्रक मात्र ठळक होतं, कारण महाराष्ट्राच्या २०२१च्या नर्सिंग होम नियमांप्रमाणे ते लावावंच लागतं. वाट बघता बघता डीलक्स खोलीचं भाडं मला पाठ झालं.

मॅडमचं एक म्हणणं पटलं: नुसत्या आकड्यावर जाऊ नका, अवघड केसेस घेणाऱ्याचे मृत्यू जास्तच दिसतात. बरोबर आहे. पण अमेरिकेतलं न्यूयॉर्क राज्य वय, आजार वगैरेंचा हिशेब धरून बायपासचे हॉस्पिटलवार मृत्यूदर १९९०च्या दशकापासून जाहीर करतंय. म्हणजे तशी तुलना करता येते. म्हणून विचारताना आपल्या पेशंटसारखे, 'सत्तरीचे, शुगरवाले पेशंट' असंच विचारा.

दुसऱ्या हॉस्पिटलात सर्जननी स्वतःच रजिस्टर उघडलं. किती केल्या, किती गेले, कोणाची छाती पुन्हा उघडावी लागली, सगळं सांगितलं. कपाळाला आठी नाही. ऑपरेशन तिथेच केलं, बाबा आता सकाळी फुटाळा तलावावर फिरतात. तेव्हा रिसेप्शनच्या नादी लागू नका, ओपीडी संपताना थेट सर्जनला गाठा, आणि तोंडी मिळालेले आकडे तिथेच कागदावर उतरवा.

हो, अँजिओची सीडी पहिल्याच दिवशी मागून घ्या. रेकॉर्ड मागितल्यावर ७२ तासांत द्यावं, असं मेडिकल कौन्सिलचा २००२चा नियम सांगतो. तो नियम तोंडावर म्हणून दाखवला की सीडी लगेच सापडते.