तुम्ही विचारलंत म्हणून: यात ज्वालामुखी कुठे आहे?

मेडिसिन लेकच्या सहलीचे फोटो दाखवले की लोक हमखास विचारतात, "अहो, पण यात ज्वालामुखी कुठे आहे?" निळंशार तळं, काठाला सूचिपर्णी झाडं, मागे बुटक्या टेकड्या. शंका रास्त आहे. पण त्या फोटोत दिसतं ते सगळं ज्वालामुखीच आहे. आम्ही त्याच्या पोटात उभे होतो.

उत्तर कॅलिफोर्नियातला हा मेडिसिन लेक ज्वालामुखी. शेजारचा माउंट शास्ता हा ज्वालामुखी लांबूनच नजरेत भरतो. हा पायाखाली आला तरी कळत नाही. पातळ लाव्हा दूरवर वाहत गेला, थरावर थर साचले आणि जमिनीवर पालथी ठेवलेली ढाल असावी तसा पसरट डोंगर झाला. आकारमान सुमारे 600 घन किलोमीटर, म्हणजे शास्तापेक्षाही मोठा. मग माथा खचला, 12 बाय 7 किलोमीटरची परात तयार झाली, आणि तिच्यात हे तळं. लोणारसारखं म्हणाल, तर नाही. लोणार उल्केच्या आघाताचं, खारं. हे गोड आणि ऑगस्टातही गारढोण.

तळ्याला ना ओढा येऊन मिळतो, ना बाहेर पडतो. डोंगरावरचं बर्फ वितळतं, सच्छिद्र खडकात मुरतं आणि पार दक्षिणेला फॉल रिव्हरच्या झऱ्यांतून वर येतं. पिट रिव्हर या इथल्या मूळ रहिवासी जमातीसाठी ही जागा पवित्र आहे. इथल्या भूऔष्णिक प्रकल्पांविरुद्ध ते वर्षानुवर्षं कोर्टात लढले. 2025च्या जानेवारीत या भागाला 'साटीटला हायलँड्स' म्हणून राष्ट्रीय स्मारकाचा दर्जा मिळाला, ते वाचून मला मनापासून आनंद झाला.

जाल तेव्हा ग्लास माउंटन चुकवू नका. साधारण 950 वर्षांपूर्वी लाव्हा थिजून झालेला हा काचेचा लोंढा. आपलं अंबरनाथचं शिवमंदिर त्याच सुमाराचं. हिने वजरीसारखा एक दगड उचलला, तर हाताला वजनच लागेना. मी ऑब्सिडियनचा, म्हणजे त्या लाव्हाच्या काचेचा तुकडा उचलला. काळाकुळकुळीत, पण उन्हात धरला तर पातळ कडेतून कोऱ्या चहाचा रंग दिसला. कड इतकी धारदार की बोट फिरवायची हिंमत झाली नाही. तिथून काही न्यायला मनाई आहे. होता तिथेच, तसाच ठेवला.

जुलै ते सप्टेंबरमध्येच जा, एरवी रस्ते बर्फाखाली असतात. पेट्रोल मक्लाउड गावातच भरून घ्या.