आपला रिसर्च आपल्याच पोरांना वाचता यायला हवा

नवी मुंबईत एका खाजगी इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवते मी. प्रोजेक्टचा सीझन आला की दरवर्षी तेच. पोरांना गूगल स्कॉलरवर, म्हणजे गूगलच्या रिसर्च शोधायच्या साइटवर, नेमका हवा तो रिसर्च पेपर सापडतो, क्लिक केलं की तीस-पस्तीस डॉलर मागतात, एका पेपरचे! मग "मॅडम, अ‍ॅब्स्ट्रॅक्टवर भागवू का?" (म्हणजे फुकट दिसणाऱ्या सारांशावर) असं विचारतात आणि मला खरंच राग येतो. पोरांचा नाही, या सगळ्या व्यवस्थेचा. रिसर्चला पैसा बहुतेक वेळा सरकारचा म्हणजे आपलाच, लिहिणाऱ्याला प्रकाशक दमडी देत नाही, छापण्याआधी पेपर तपासणारे तज्ज्ञ पण फुकटच तपासतात, आणि वाचायचं म्हटलं की कुलूप.

केंद्राने नोव्हेंबर २०२४ मध्ये वन नेशन वन सबस्क्रिप्शन मंजूर केलं, म्हणजे सरकारने सगळ्यांच्या वतीने प्रकाशकांना वर्गणी भरायची: तीन वर्षांना ६,००० कोटी, ३० प्रकाशक, जवळपास १३,००० जर्नल्स (रिसर्च छापणारी नियतकालिकं). सरकारी कॉलेजातल्या पोरांची मोठी सोय झाली, त्याबद्दल वाद नाही. पण आमच्यासारखी विनाअनुदानित कॉलेजं त्यात नाहीत, आणि शेवटी ते भाड्याचं घर आहे, भाडं थांबलं की बाहेर.

म्हणून मी वर्गात आधी शोधायला शिकवते. स्कॉलरमध्ये पेपरच्या खाली 'ऑल व्हर्जन्स' असतं ना, तिथे जा, बऱ्याचदा लेखकाने स्वतःच्या युनिव्हर्सिटीच्या साइटवर टाकलेली कॉपी निघते. ब्राउझरला अनपेवॉल नावाचं फुकट एक्स्टेन्शन लावा, कायदेशीर फुकट कॉपी असेल तर बाजूला हिरवं कुलूप उघडं दिसतं. फिजिक्स, मॅथ्स, कॉम्प्युटरवाल्यांनी अर्काइव्ह (arXiv) बघायचं, लेखक आपले पेपर फुकट ठेवतात ती साइट, १९९१ पासून चालू आहे. काहीच नाही मिळालं तर सरळ लेखकाला मेल करा, लाजू नका, आपला पेपर कोणीतरी मागतंय याचा लोकांना आनंदच होतो.

आणि शोधगंगा, आपल्या देशातल्या पीएचडी थिसिसची फुकट साइट! हे पोरांना माहीतच नसतं याचं मला फार वाईट वाटतं. यूजीसीने २००९ च्या नियमात पीएचडीचा थिसिस डिजिटल स्वरूपात द्यायला लावला, यूजीसीचं गांधीनगरचं इन्फ्लिबनेट केंद्र ही साइट सांभाळतं, आज लाखो थिसिस आहेत तिथे. प्रत्येक चॅप्टरची वेगळी पीडीएफ, आधी टायटल, मग सर्टिफिकेट, असं करत करत शेवटी बिब्लिओग्राफी, म्हणजे संदर्भांची यादी, मी तर आधी तीच उघडायला सांगते, निम्मं काम तिथेच होतं. पण मराठी थिसिस उघडा आणि एखादा शब्द सर्च करून बघा. बऱ्याच ठिकाणी काही सापडतच नाही, कारण एकतर पानं स्कॅन केलेली असतात नाहीतर जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली, कॉपी केलं तर नुसती अगम्य अक्षरं. पाच-सहा वर्षं कोणीतरी घासलेली असतात हो त्यावर! फुकट आहे पण सापडत नाही, मग काय उपयोग.

रिसर्च असा सगळ्यांना फुकट वाचायला खुला ठेवणं याला ओपन अ‍ॅक्सेस म्हणतात, पण ते म्हणजे लेखकाने पैसे भरून छापणं, असं आमच्या स्टाफरूममध्ये पण बरेच जण समजतात. काही जर्नल्स लेखकाकडून फी घेतात हे खरंय, 'नेचर' या नामांकित जर्नलने तर २०२० मध्ये एका पेपरला ९,५०० युरो जाहीर केली होती, एवढे कुठून आणणार आपण? आणि चार दिवसांत छापून देतो म्हणणारे भुरटे वेगळेच. पण फी न घेणारी चांगली जर्नल्सही आहेत, डीओएजे (DOAJ) या ओपन अ‍ॅक्सेस जर्नल्सच्या ऑनलाइन यादीत शोधता येतात. शिवाय बरेचसे प्रकाशक आपली स्वीकारलेली कॉपी, म्हणजे त्यांच्या डिझाइनच्या आधीची, काही महिन्यांनी आपल्या संस्थेच्या साइटवर ठेवू देतात. एक रुपया लागत नाही त्याला, फक्त प्रकाशकाचं अ‍ॅग्रीमेंट नीट वाचायचं आणि ती वर्ड फाइल जपून ठेवायची.

मी ठाण्यात वाढले, तिथलं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चं आहे, लोकांना वाचायला मिळावं म्हणून लोकांनीच उभं केलेलं. त्यामुळे मला ओपन अ‍ॅक्सेस हे काही परदेशी खूळ वगैरे वाटत नाही.

माझ्या नोट्स मी क्रिएटिव्ह कॉमन्सखाली, म्हणजे इतरांना वापरायची आधीच परवानगी देणाऱ्या लायसन्सखाली, टाकायला सुरुवात केलीय. शिकवणारे कोणी वाचत असाल तर तुमच्या मराठी नोट्सही टाका, फक्त युनिकोडमध्ये (मोबाइलवर मराठी टाइप होतं ते, सर्च करता येतं) टाइप करून, पानांचे फोटो नकोत. कोणाकडे जुन्या फॉन्टमधला थिसिस पडून असेल आणि युनिकोडमध्ये करायचा असेल तर कळवा, पोरं आणि मी मिळून करून देऊ.