पुढच्या शनिवारपर्यंत

आठवड्याला एकच भाग, तोही शनिवारी, असा नियम मी स्वतःला घालून घेतला होता. रिपब्लिक स्टुडिओची १९३९ सालची 'झोरोज फायटिंग लीजन' ही १२ भागांची चित्रमालिका. अमेरिकेतली पोरं शनिवारी थिएटरात एक भाग बघायची आणि जीव टांगणीला लावून घरी यायची. मलाही तसंच टांगून घ्यायचं होतं.

गोष्ट १८२४ सालच्या मेक्सिकोतली. नव्या प्रजासत्ताकाला सोनं हवंय, आणि सोनेरी चिलखतात दडलेला डॉन देल ओरो नावाचा तोतया देव तिथल्या याकी आदिवासींना चिथावून ते लुटतोय. त्याला सम्राट व्हायचंय! राष्ट्राध्यक्ष म्हणून बेनितो हुआरेझ वावरतात. खरे हुआरेझ १८०६ साली जन्मले, म्हणजे तेव्हा जेमतेम १८ वर्षांचे. पण घोडे वेळेवर पोचल्याशी मतलब, सनावळ्या कोण बघतो?

नायक रीड हॅडली दिवसा नाजूक, नटवा डॉन दिएगो असतो आणि काळा मुखवटा चढवला की झोरो. त्या मुखवट्यामुळे गावकऱ्यांना दिएगो ओळखू येत नाही आणि आपल्याला याकिमा कनट. हा कनट म्हणजे त्या काळचा बिनीचा स्टंटवाला. भरधाव घोड्यांच्या मधून खाली सुटायचं, अख्खी घोडागाडी अंगावरून जाऊ द्यायची, ही त्याची खासियत. मुखवट्याआड नट कुठे संपतो आणि कनट कुठे सुरू होतो, ते शोधत बसण्यात माझा अर्धा वेळ जातो.

आपल्या मुंबईत वाडिया मूव्हीटोनची 'हंटरवाली' याच्या चार वर्षं आधीच, १९३५ साली, मुखवटा लावून चाबूक फिरवत होती. पण तिची नायिका नादिया, तिच्या मुखवट्याआड दुसरं कुणी लपवायची गरज नव्हती. उड्या ती स्वतःच मारायची.

नियम मंगळवारी मोडला. एका भागाला लागून लगेच पुढचा लावला आणि या मालिकांची जुनी चोरी पकडली. आधी झोरो सरळ मरणाच्या तोंडात गेलेला दिसतो. मग तेच दृश्य पुन्हा येतं, पण मधे एक तुकडा घुसवलेला: अहो, त्याने तर आधीच उडी मारली होती! ही उडी मघाशी दाखवली नव्हती. शुद्ध लबाडी. मात्र ती पचायला मधे आठवडा जावा लागतो. सात दिवसांनी माणसाला वाटतं, आपलंच लक्ष नसेल, शेंगदाणे सोलत असू.

म्हणून पुन्हा शनिवारवर आलोय. चौथ्या भागाचं नाव 'द ब्रिज ऑफ पेरिल'. पुलाचं काय होणार हे सांगायला ज्योतिषी नको.

आज सोमवार.