काकांचा एक एक्का

ब्रिज या पत्त्यांच्या खेळाच्या स्पर्धेत डायरेक्टरला, म्हणजे माझ्यासारख्या पंचाला, बोलावतात ते बहुतेक फुटकळ कामांसाठी. कोणी पाळी सोडून बोली लावली, कोणी रंग असताना दुसरंच पान टाकलं. नियम सांगायचा आणि पुढच्या टेबलाकडे वळायचं. गेल्या जानेवारीत नागपूरच्या धरमपेठेतल्या एका हॉलमध्ये पेअर्सची, म्हणजे जोड्यांची, स्पर्धा चालू होती. तर्री-पोह्यांची सुटी नुकतीच संपली होती, तेवढ्यात कोपऱ्यातल्या टेबलावरून हाक आली. हाकेचा सूर ऐकूनच कळलं की हे काम दोन मिनिटांचं नाही.

नॉर्थला पंचविशीतला इंजिनियर, सगळा ब्रिज ऑनलाइन शिकलेला. साउथला सत्तरी ओलांडलेले काका. २०१८ साली जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत प्रणव बर्धन आणि शिवनाथ सरकार यांनी पेअर्सचं सुवर्ण मिळवलं. तेव्हा बर्धन साठ वर्षांचे होते, आणि काका ते अजून सगळ्यांना ऐकवतात. नॉर्थ आणि काका यांची जोडी जमून जेमतेम महिना झाला होता.

समोरच्या जोडीतल्या वेस्टने उघडतानाच ४ इस्पिक लावले होते, म्हणजे इस्पिक हुकूम धरून तेरापैकी दहा हात जिंकायची बोली. त्याच्याकडे आठ इस्पिक, बाकी विशेष काही नाही. अशा उंच उघडणीचा, प्रीएम्प्टचा, हेतूच तो असतो: समोरच्यांना बोलायला जागाच ठेवायची नाही. नॉर्थकडे इस्पिक आणि बदाम एकेक, चौकट एक्का-राणी-दहासह पाच, किलवर एक्का-राजा-गुलामासह सहा. त्याने ४ नो ट्रम्प (बिनहुकमाची बोली) लावले. ईस्टने काकांना विचारलं, "याचा अर्थ?"

"एक्के विचारतोय," काका ठामपणे म्हणाले. ईस्टने पास दिला. काकांकडे एकच एक्का होता, इस्पिकचा, म्हणून त्यांनी ५ चौकट लावले; एक्के विचारल्यावर त्या उत्तराचा अर्थ 'एक एक्का'. वेस्टचा पास. नॉर्थने बराच वेळ छताकडे पाहिलं आणि ६ किलवर लावले, म्हणजे बारा हातांची बोली, स्लॅम. चौकटचा राजा हवा तिथे बसला होता, उरलेले चौकट समोरच्या दोघांत ३-३ फुटले, आणि बारा हात झाले. कोणीच व्हल्नरेबल (वाढीव बक्षीस-दंडाच्या स्थितीत) नव्हतं, म्हणजे ९२० गुण.

वेस्टची तक्रार सरळ होती. "साहेब, यांचं एकमेकांशी जमलं नाही, आणि वर स्लॅमपण झाला?"

खरं सांगतो, पहिल्यांदा मला त्यात काही गैर वाटलं नाही. गोंधळ घालणं हा गुन्हा नाही, आणि नशीब जोरावर असेल तर गोंधळातूनही स्लॅम होतो. ४ इस्पिकवर डबल मारला (इथे त्याचा अर्थ 'तुझा रंग सांग') तर भागीदार बऱ्याचदा पासच देतो, म्हणून आज बहुतेक जोड्या तिथे ४ नो ट्रम्प दोन रंगांसाठी ठेवतात: माझ्याकडे दोन लांब रंग आहेत, त्यातला एक निवड. काकांच्या पिढीसाठी ४ नो ट्रम्प म्हणजे ब्लॅकवूड, एक्के विचारणंच. यांचं कन्व्हेन्शन कार्ड, म्हणजे बोलींचे ठरलेले अर्थ लिहिलेला कागद, मागवलं, तर त्या रकान्यात काहीच नव्हतं. पुरावा नसेल तर नियम सांगतो की बोली चुकली असं न धरता खुलासा चुकला असं धरायचं.

मग मी नॉर्थला बाजूला घेऊन विचारलं, "६ किलवर का?"

"सर, काकांनी एक्के समजले ना. मग त्यांचे ५ चौकट म्हणजे चौकट थोडीच, एक एक्का."

पोरगा इतका प्रामाणिक की माझं अर्धं काम त्यानेच केलं. त्याच्या स्वतःच्या अर्थाप्रमाणे ५ चौकट म्हणजे "दोन्हींतला चौकट बरा". काकांचा खुलासा ईस्टसाठी होता, त्याच्यासाठी नव्हता. तो कानावर पडला तरी न पडल्यासारखं खेळायचं असतं. २०१७ च्या नियमांतला सोळावा नियम हाच आहे, आणि ब्रिजमध्ये पाळायला इतकं अवघड दुसरं काही नसेल. शिवाय खुलासा चुकला असं वाटत होतं, तर शेवटच्या पासनंतर, पहिलं पान पडायच्या आधी, मला बोलावून तसं सांगायला हवं होतं. तो गप्प बसला.

खात्रीसाठी नॉर्थचे पत्ते मी इतर पाच खेळाडूंना दाखवले. खुलाशाबद्दल अवाक्षर काढलं नाही, एवढंच सांगितलं की ४ नो ट्रम्प म्हणजे किलवर-चौकट आणि भागीदार ५ चौकट म्हणाला. चौघांनी लगेच पास दिला, पाचव्याने सहाचा विचार केला आणि पासच दिला. ५ चौकटमध्ये चौकटचा राजा आणि एक बदाम जाऊन अकरा हात होत होते. मी ९२० चे ४०० केले.

काका भडकले. "काहून? मी बरोबरच उत्तर दिलं! एक एक्का होता, एकच सांगितला!"

"काका, तुमच्या उत्तरात काही चूक नाही," मी म्हटलं. पुढे काय बोलावं ते सुचेना. माणूस खरंच बरोबर होता, आणि तरी गुण त्याचेच जात होते. स्लॅम खेळला जात असताना डमी म्हणून टेबलावर आपले पत्ते उघडे मांडताना त्यांचा चेहरा कसा असेल, ते माझ्या डोळ्यांसमोर येत होतं.

चहाच्या वेळी पाहिलं तर दोघं एका टेबलावर कार्ड पुढे घेऊन बसले होते. "४ इस्पिकवर दोन रंग. लिहिलं," पोरगा म्हणाला. "आता ४ बदामवर?"

"तिथे एक्के," काका म्हणाले.

"काका, तिथे तर नक्कीच किलवर-चौकट. इस्पिक असतील तर ४ इस्पिक लावता येतात ना!"

"काय करून राहिला तू? मग मी एक्के विचारू कधी?"

पुढच्या राउंडची घंटा झाली. तो रकाना तसाच कोरा राहिला.