वाईच्या आत्याकडची लक्ष्मी

आत्याचं वाईचं घर आवरलं तेव्हा तीन तसबिरी माझ्या वाट्याला आल्या. त्यातली लक्ष्मी मी लहानपणापासून बघत आलेय, पण भिंतीवरून उतरवून हातात पहिल्यांदाच घेतली. साडीच्या काठावर खरी जर टाचलेली, गळ्यात बारीक मणी, मुकुटाला टिकल्या. "सासूबाईंनी केलंय ते, एका चातुर्मासात," आत्या म्हणाली. छापील देवीला असं जरीनं, कापडानं नटवायची तेव्हा पद्धतच होती.

चित्राच्या तळाशी बारीक इंग्रजी अक्षरं होती : रवि वर्मा प्रेस, कार्ला-लोणावळा. राजा रविवर्म्यांनी १८९४ साली गिरगावात छापखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. नंतर फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञानं तो विकत घेतला. दादासाहेब फाळकेही सिनेमाकडे वळण्याआधी या छापखान्यात काम करून गेले. १९७२ साली छापखान्याला आग लागली.

आता मला जे खरं सांगायचंय ते. मागच्या दिवाळीत मी हेच चित्र कॅनव्हासवर छापलेलं, 'व्हिंटेज' म्हणून विकायला ठेवलेलं घेतलं होतं. दोन्ही शेजारी ठेवून भिंग लावलं. नव्या चित्राच्या कडेला चहासारखा तपकिरी डाग आहे. भिंगाखाली तो डागही निळ्या, गुलाबी, पिवळ्या ठिपक्यांचाच निघाला, रवा सांडावा तसा. भेगाही छापलेल्या. मग भिंग आत्याच्या लक्ष्मीच्या गालावर आणलं. तिथेही ठिपकेच, पण एकासारखा दुसरा नाही. हनुवटीखाली दाट, गालावर विरळ होत गेलेले. हे ठिपके कुणीतरी हातानं, तेलकट शाईनं दगडावर टेकवलेत. तेही उलटे, कारण छापताना डावं-उजवं फिरतं. दगड ओला केला की शाई फक्त तेलकट खुणांवर धरते. दर रंगाला वेगळा दगड आणि कागद प्रत्येक वेळी नेमका त्याच जागी बसवायचा. आमच्या लक्ष्मीच्या एका हाताशी तो केसभर सरकलाय. बोटाच्या बाहेर गुलाबी रेघ दिसते. ती रेघ दिसली आणि मला भरून आलं. शेवटी वर वार्निश, म्हणजे तैलचित्रासारखी चकाकी. आज ते वार्निश आणि कागद पिवळा पडलाय. पण छापणाऱ्यांनी तो पिवळा केला नव्हता. त्यांना लख्ख रंग हवे होते, जरीच्या आडोशाला दडलेला लाल अजून तसाच लख्ख आहे. म्हणून मला वाटतं, जुनं चित्र नव्यानं छापायचं तर ते लख्ख छापावं. म्हातारपण त्याचं त्याला येऊ द्यावं.

एक गोष्ट मनाला लागून राहिलीय. तिघींपैकी सरस्वती मी आधी फ्रेम करायला दिली होती. दुकानदारानं नवीन फ्रेममध्ये नीट बसावी म्हणून खालची पट्टी कापून टाकली, छापखान्याच्या नावासकट. विचारलं तर म्हणाला, "ताई, कोरा कागदच होता तो." मी त्या दिवशी रडले. चूक माझीही, मी तिथे थांबायला हवं होतं.

लक्ष्मीच्या वेळी दुसऱ्या कारागिराकडे दोन तास समोर बसले. मागची जुनी फळी काढली तर फळीच्या गाठीचा तपकिरी ठसा कागदावर जसाच्या तसा उठलेला, एका कोपऱ्यात कसर लागलेली. फळीऐवजी आम्लरहित पुठ्ठा घातला. काच मण्यांना टेकू नये म्हणून मध्ये जाड माउंट घेतला. घरी आता ऊन न येणाऱ्या भिंतीवर ती आहे.

फ्रेम बंद करण्याआधी आत्याला बोलावून घेतलं होतं. पुठ्ठ्यावर मागे सासूबाईंचं नाव तिनंच पेन्सिलीनं लिहिलं. आधी 'सौ.' लिहावं की नाही यावर अडली. मग नुसतं नाव लिहिलं आणि खाली : 'जरीकाम यांचं.'